अकरावा बोळा

खोली बघायला गेलो, तर घरमालकिणीनं आधी मलाच बघून घेतलं.

"जीभ दाखवा."

मी केजच्या कॉलेजात अर्थशास्त्र शिकवायला नुकताच रुजू झालो होतो. साताऱ्याहून एसटीनं आलेलो, हातात बॅग, अंगाला घाम, आणि समोर पांढऱ्या सुती पातळातली, सत्तरीकडं झुकलेली एक बाई माझी खालची पापणी ओढून आत डोकावतेय. मी मुकाट्यानं जीभ काढली. तिनं ती नीट बघितली, नाक मुरडलं आणि निकाल दिला. "रक्त कमी हाय. लई दिवस मेसचं खाल्लेलं दिसतंय. खोली देते, पण पालेभाजी माझ्या हातची खायची. कबूल असंल तर बॅग आत ठिवा."

मी तिथं पाच वर्षं राहिलो. पाच वर्षांत इतकी मेथी खाल्ली, की आजही बाजारात मेथीची जुडी दिसली की जीभ आपोआप बाहेर येते.

सगळा तालुका तिला सिस्टर म्हणायचा. नाव होतं की, आधार कार्डावर होतं, पण ते कुणी उच्चारल्याचं मला आठवत नाही. युसूफ वडगावच्या बाजूला एका उपकेंद्रात तिनं आख्खी नोकरी काढली. त्या अंगाच्या अर्ध्या लोकांना तिनंच जगात आणलेलं, आणि ते ती विसरायची नाही, लोकांनाही विसरू द्यायची नाही. एकदा अंबाजोगाईच्या रस्त्यावर एका दांडग्या पोलिसानं तिची व्हॅन अडवून कागद मागितले. सिस्टरनं चष्मा नाकावर सरकवला. "तू वडगावच्या खालच्या गल्लीतला न्हाई का? पायाळू आलतास तू. आधी पाय, मग बाकीचं. तुझी माय दीड दिवस वरडत होती." मागं दोन ट्रक आणि एक टेम्पो ऐकत उभे. पोलीस कानापर्यंत लाल झाला. "जावा सिस्टर, जावा तुमी." "आरं, कागद बघ की." "न्हाई न्हाई, जावा."

तिच्या अंगणात पाऊल टाकलेला माणूस रक्तदाब मोजल्याशिवाय परत जात नसे. दूधवाला, गॅसवाला, मीटर बघायला येणारा, सगळे निमूट बाही वर करून बसायचे. निवडणुकीत एक पुढारी वीसेक कार्यकर्ते, हार-तुरे घेऊन आले. सिस्टरनं त्यांना खुर्चीत बसवलं, पट्टा बांधला, फुसफुस करून हवा भरली आणि सगळ्यांदेखत जाहीर केलं, "एकशे सत्तर. आज भाषण बंद. घरी जाऊन पडा." कार्यकर्ते साहेबांकडं बघतायत, साहेब पट्ट्याकडं. त्या दिवशी आमच्या गल्लीतली प्रचारफेरी तिथंच आटोपली.

आणि माझी काय कथा? रोज सकाळी सहाला दारावर थाप. "सर, पोट साफ?" मी हो म्हणेपर्यंत ती हलायची नाही. एका सकाळी आमचे प्राचार्य माझ्याकडं आलेले असताना हा प्रश्न आला. मी हो म्हणालो. मग तिनं प्राचार्यांकडं वळून विचारलं, "आन् तुमचं?"

आता त्या व्हॅनबद्दल.

निवृत्तीनंतर माणसं हरिपाठ धरतात, सिस्टरनं ड्रायव्हिंगचा क्लास लावला. नवरा फार पूर्वी गेलेला, एकुलता मुलगा पुण्यात, घरात ही एकटी. तिनं एक जुनी पांढरी व्हॅन विकत घेतली. आधी ती कुठल्यातरी शाळेची मुलं वाहायची. मागच्या काचेवर 'सावकाश, आत मुले आहेत' ही अक्षरं अजून वाचता यायची. मी एकदा म्हणालो, "सिस्टर, हे पुसून टाका की आता." तर म्हणाली, "खोटं हाय का? मुलं आतच हायेत. बाहेर यायची हायेत, एवढंच."

कारण त्या व्हॅनमध्ये बसायच्या त्या बहुतेक पोटुशी बायका. दसरा झाला की वडगावच्या अलीकडच्या तांड्यावरची घरं ऊसतोडीला निघायची. ट्रकमध्ये चूल, भांडी, शेळ्या, म्हातारी माणसं, आणि सातवा महिना लागलेली बाई असली तर तीही. एकदा फडात गेलं की पाच-सहा महिने तिथंच. म्हणून ट्रक यायच्या आधी सिस्टर एकेकीला व्हॅनमध्ये घालून तालुक्याच्या दवाखान्यात आणायची. रक्त, सोनोग्राफी, पुढच्या महिन्यांच्या गोळ्या, आणि कुठल्या महिन्यात काय करायचं याची मोठ्या अक्षरातली चिठ्ठी. मी आपलं शहाणपण पाजळलं, "सरकारी ॲम्ब्युलन्स आहे की, फोन केला की येते." "ती कळा सुरू झाल्यावर येती," सिस्टर म्हणाली. "मी त्याच्या आधीची हाय."

व्हॅन सुरू होताना कधीकधी रुसायची. मग गल्लीतली माणसं मागून ढकलायची आणि सिस्टर स्टिअरिंगवरून ओरडायची, "जोर करा, जोर करा! श्वास सोडू नका! आलं, आलं, आलं... शाब्बास!" इंजिन घरघरलं की ती मागं वळून विचारायची, "कुनाला चक्कर?" आमच्यापैकी निम्मे बाप्ये तेव्हा खरोखर बाळंतीण झाल्यासारखे दिसायचे.

त्या वर्षी गणपती उठल्यावर गल्लीतल्या सात बायकांना घेऊन ती कपिलधारला गेली. दर्शन झालं, धबधबा झाला. परत येताना नेकनूरच्या पुढं गाडीचा तापाचा काटा चढायला लागला. सिस्टरला दिसला. पण मागं गाणी चालली होती, अंधार व्हायच्या आत पोचायचं होतं, घरी गेल्यावर बघू म्हणून ती चालवत राहिली. केज दोन किलोमीटरवर असताना पांढरा धूर निघाला आणि व्हॅननं मान टाकली. सात बायका आणि एक नर्स असं सगळं लटांबर ढकलत घरी आलं.

त्यानंतर दोन दिवस ती कुणाशी बोलली नाही. माझा रक्तदाबसुद्धा घेतला नाही. तिसऱ्या दिवशी मला म्हणाली, "सर, जलमभर मी बायांना शिव्या घातल्या. ताप हाय तर बसून कावून राहिलीस गं, म्हनून. आन् मी सोता काय केलं? ताप बघितला आन् गाडी हाकत राहिले." डोळ्यांत पाणी होतं तिच्या. मला हसू येत होतं, ते मी गिळलं.

चाचांना बोलावणं गेलं. चाचा म्हणजे केजचे जुने मिस्त्री, चाळीस वर्षं गाड्यांखाली काढलेले. त्यांची सगळी नातवंडं सिस्टरच्या हातची. त्यांचं नुकतंच मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, डोळ्यावर काळा चष्मा, आणि वाकायला सक्त मनाई. मनाई डॉक्टरनं केली होती, पण पाळायला लावत होती सिस्टर. त्यांनी खुर्चीत बसूनच मला इंजिनातली तेलाची दांडी काढायला लावली. दांडीवर तेल कसलं, दुधाचा चहा लागला होता. चाचांनी बोटावर घेऊन चष्म्याच्या वरून बघितलं. "सिस्टर, हेड गया."

हेड म्हणजे इंजिनाच्या वरचं झाकण. ते तापून तडकलं, की पाणी तेलात आणि तेल पाण्यात. इलाज एकच, नवीन हेड. बीडच्या गॅरेजवाल्याला फोन लावला, तर तो म्हणाला, गाडी टाकून जा, आठ-दहा दिवसांनी विचारा. सिस्टर फोनवरच कडाडली, "पेशंट टाकून मी घरी जात नसते!" झालं. ऑपरेशन अंगणात ठरलं. चाचा खुर्चीतून सांगणार, हात सिस्टरचे, आणि उचलाउचल, धराधरी, शिव्या खाणं ही खाती माझ्याकडं. मला कुणी विचारलं नव्हतं.

त्यात पुण्याहून मुलाचा फोन आला. हा मोटारी बनवणाऱ्या कंपनीत मोठ्या हुद्द्यावर, पण सगळं काम कॉम्प्युटरसमोर. पाना कसा धरतात हे त्याला चित्रातूनच माहीत. सिस्टरला फोन स्पीकरवर ठेवायची सवय, त्यामुळं गल्लीनंही ऐकलं.

"आई, पुरे झालं आता. रस्त्यात बंद पडली, नशीब सगळ्या धडधाकट होत्या. उद्या आत नऊ महिन्यांची बाई असली म्हणजे? मी दसऱ्याला येतोय. दुपारी बारापर्यंत गाडी सुरू असेल तर ठीक, परत शब्द काढणार नाही. नसेल तर गाडी भंगारात, आणि तू माझ्याबरोबर पुण्याला."

मला वाटलं, आता सिस्टर त्याची खरडपट्टी काढणार. पण ती शांतपणे म्हणाली, "ठरलं." आणि फोन ठेवून अंगणातल्या व्हॅनकडं बघत बसली. मला तेव्हा पहिल्यांदा कळलं की ही बाई घाबरते. पुण्यातल्या सातव्या मजल्यावर तिला कुणाची जीभ बघायला मिळणार होती?

घटस्थापनेला आत देवघरात घट बसला आणि बाहेर इंजिन उघडलं. त्या व्हॅनचं इंजिन पुढच्या सीटखाली असतं. सीट उलटली, की खोक्यात ठेवल्यासारखं खाली दिसतं. सिस्टरनं आधी केसपेपर काढला. मी स्वतः वाचलाय. नाव : गाडी. वय : वीस. तक्रार : ताप, पांढरा धूर, पाणी टिकत नाही. पूर्वीचे आजार : क्लच, दोनदा.

मग तिनं चाचांचे सगळे पाने कुकरमध्ये घालून उकळायला ठेवले. चाचा खुर्चीतून उठलेच. "सिस्टर, लोखंड है वो! लोखंडाला जंतू होते क्या?"

"होत न्हाईत तर मग गंज कुठून आला?"

चाचांनी माझ्याकडं बघितलं. मी अर्थशास्त्राचा माणूस, मी आभाळाकडं बघितलं. तीन शिट्ट्यांनंतर पाने बाहेर आले. काढलेला प्रत्येक बोल्ट इडलीपात्राच्या एकेका खळग्यात, प्रत्येकाखाली चिकटपट्टीवर नंबर. चाचा सांगायचे, "अब बाहेरचा बोल्ट थोडा ढिला, फिर समोरचा," आणि सिस्टर तसंच मोठ्यानं म्हणून मग हात लावायची. मान्य करायलाच पाहिजे, हात असा चालायचा की बघत राहावं. जुनं हेड मी उचललं, माझी कंबर धरली, आणि सिस्टरनं पहिल्यांदा कमरेची नव्हे तर हेडची विचारपूस केली.

हेडखालचा भाग उघडा पडला तशी ती अस्वस्थ झाली. तीन सिलिंडर, आणि भोवती पाण्याची नि तेलाची आठ भोकं. खरवडताना कचरा आत जायला नको. तिनं ड्रेसिंगच्या गॉजचे बोळे केले आणि एकेका भोकात बसवले. बसवताना मोठ्यानं मोजले, मलाही मोजायला लावले.

"किती आत, सर?"

"अकरा."

"लिवा." केसपेपरवर लिहिलं, अकरा.

आता माझं पाप सांगतो.

बीडहून नवं हेड आलं आणि हेडखाली घालायची गॅस्केट, ती एकच, तेवढीच दुकानात शिल्लक होती. अष्टमीच्या दिवशी हेड बसवायचं ठरलं. सिस्टर बोळे काढत होती, मी ट्रे धरून मोजायचं होतं. तेवढ्यात प्राचार्यांचा फोन आला. दसऱ्याच्या संचलनाला कोण, हार कोण आणणार, असलं काहीतरी. मी फोन खांद्यानं कानाला दाबून हो सर, हो सर करत होतो. सिस्टरनं विचारलं, "किती आले?" मी ट्रेकडं न बघता म्हणालो, "अकरा."

सिस्टरनं माझ्यावर विश्वास ठेवला. गॅस्केट बसली, हेड बसलं. चाचा म्हणाले तसं आधी मधले बोल्ट, मग बाहेरचे, तीन फेऱ्यांत थोडं थोडं करून तिनं आवळले. ठरावीक जोर झाला की पाना टक् वाजायचा, आणि प्रत्येक टक् ला चाचा खुर्चीत मान डोलवायचे, जणू कव्वाली चालू आहे. राहिला होता पट्टा, नळ्या आणि पाणी भरणं. दोन तासांचं काम. ते दसऱ्याला सकाळी करायचं. कारण नवमीला पान्यांची पूजा, आणि पूजेच्या दिवशी चाचा पाना उचलत नसत. चाळीस वर्षांत कधी उचलला नव्हता. नमाज पढणारा माणूस, पण खंडेनवमीला स्वतःच्या हातानं पाने धुऊन पाटावर मांडायचा आणि झेंडूचं फूल घालायचा.

नवमीच्या सकाळी पाने पाटावर मांडले, हळद-कुंकू झालं. सिस्टर वापरलेले बोळे जाळायला घेऊन बसली. जाळायच्या आधी तिनं ते पुन्हा मोजले. मग परत मोजले.

"सर, धाच हायेत."

मी काय केलं असेन? खरं सांगायला पाहिजे होतं. मी म्हणालो, "पडला असेल कुठंतरी, बघतो." आणि गाडीखाली वाकून शोधायचं नाटक केलं. चाचा म्हणाले, "कहीं उडून गेला असंल सिस्टर. दबलेली गॅसकीट पुन्हा चालत न्हाई. खोललं तर दुसरी पायजे, आन् बीडची दुकानं दसरा झाल्याबिगर उघडत न्हाईत. बेटा कल बारा बजे येतोय. सोचो."

ती विचार करायला आत गेली, तसा मी तिच्या कपाटातून गॉज कापला, बोळा केला, गळलेल्या तेलात बुडवला आणि मागच्या चाकापाशी नेऊन टाकला. मग ओरडलो, "सापडला! सापडला!" चाचांना काळ्या चष्म्यातूनही सगळं दिसलं होतं. त्यांनी मान दुसरीकडं फिरवली.

सिस्टर आली. बोळा चिमट्यानं उचलला, उलगडला, उजेडात धरला. मग माझ्याकडं बघितलं. असं बघणं मी फक्त परीक्षेच्या हॉलमध्ये, स्वतः दुसऱ्यांकडं बघितलेलं आहे.

"सर, माझ्या बोळ्याच्या कडा आत दुमडलेल्या असतेत. सूत सुटू नाही म्हनून. ह्याच्या झिरमिळ्या बघा." तिनं बोळा माझ्यापुढं धरला. "वरीसभर पोरांच्या चिठ्ठ्या पकडता, आन् सोता कॉपी करता?"

धरणी दुभंगेल तर बरं, असं झालं मला. मग मी सगळं ओकलो. फोन, प्राचार्य, न बघता म्हटलेले अकरा, सगळं.

ती चिडली नाही. चिडली असती तर बरं झालं असतं. पायरीवर बसली आणि पदरानं हात पुसत म्हणाली, "मी बी असंच म्हनलं होतं एकदा. नवी होते, ऑपरेशनच्या थेटरात ड्युटी होती. डॉक्टर घाईत. बोळे किती, म्हनले. मी न मोजता म्हनलं, पुरे हायेत. आठ दिसांनी ती बाई तापानं फणफणत आली. वाचली. पण पोट दोनदा फाडलं तिचं, माझ्या एका आकड्यापायी. तिचं तोंड मला अजून दिसतं, सर."



मग ती उठली, पाटापाशी गेली आणि हळद-कुंकवासकट पाना उचलला.

"सिस्टर, आज नक्को!" चाचा कळवळले. "आज त्यांचा आराम का दिन है."

"चाचा, थेटरला सुट्टी नसती."

चाचांनी पान्यावरचं झेंडूचं फूल काढून खिशात ठेवलं, कानाला हात लावून माफी मागितली. देवाची की पान्याची, ते मला कळलं नाही. आणि म्हणाले, "बाहेरचा बोल्ट पहले. थोडा ढिला."

एक तासात हेड वर आलं. बोळा सिलिंडरमध्ये नव्हता. तो होता कोपऱ्यातल्या तेलाच्या भोकात, आत सरकलेला, काळाकुट्ट, सुपारीएवढा. चाचांनी चष्मा काढला. डॉक्टरनं मनाई केलेली असताना वाकले, बघितलं, आणि त्यांचा चेहरा उतरला. त्या भोकातूनच तेल वर हेडला जातं. ते बंद म्हणजे वरचं सगळं कोरडं. अर्ध्या तासात नवं हेड गेलं असतं, आणि ते अंगणात नाही, तांड्याच्या रस्त्यावर, आत बायका असताना.

"मी खोलू नका म्हनत होतो," चाचा हळूच म्हणाले. "चालीस साल झाले मला."

"तुमाला दिसत नव्हतं चाचा. वाकू नका आता." आणि तिनं त्यांच्या डोळ्यात थेंब घातले.

दसऱ्याला बाराला मुलगा आला, स्वतःच्या चकचकीत गाडीतून. व्हॅनला झेंडूचा हार घातलेला, आणि सीटखाली इंजिनानं आ वासलेला. तो हसला नाही, हेही सांगतो. त्याला वाईटच वाटलं. "आई, ठरलं होतं आपलं."

"ठरलं होतं. हरले मी," असं म्हणून सिस्टर आत पातळं भरायला गेली.

मला राहवलं नाही. मी त्याला अंगणातच गाठलं आणि माझा फोन, माझे अकरा, माझी कॉपी, सगळं सांगितलं. चाचांनी तो काळा बोळा त्याच्या तळहातावर ठेवला, आणि तो कुठं सापडला ते बोटानं दाखवलं. त्यानं तो बोटांत फिरवून बघितला.

"म्हणजे काल गप्प बसली असती, तर आज मला गाडी सुरू दिसली असती?"

"एकदम," चाचा म्हणाले. "घर्रर्र. आप हार मानके जाते."

तेवढ्यात सिस्टर पिशवी घेऊन बाहेर आली. "चल. पर त्याच्या आधी एक काम हाय. तांड्यावरच्या तीन बाया तपासायच्या राहिल्यात. परवा त्यांचा ट्रक हाय. तुझ्या गाडीत बसतील का?"

आता आईला नाही कसं म्हणणार? गेला. तांड्यावर तीन म्हणता म्हणता सात निघाल्या. एक नणंद, एक जाऊ, एक शेजारीण, आणि एक अशी, की जिला तोवर स्वतःलाच माहीत नव्हतं. बायका त्या गुबगुबीत सीटवर चपला हातात घेऊन बसल्या. दुसऱ्या खेपेला एकीनं ओकून ठेवलं. त्यानं काही म्हणायच्या आत सिस्टरच त्याला म्हणाली, "सीटवर कागद टाक म्हनलं होतं तुला!" दोन दिवस तो हेच करत होता. आई पुढं बसून तारखा पाठ करून घेतेय, हा मागं आरशातून बघतोय. संध्याकाळी आई त्याची पापणी ओढून बघायची आणि मेथी वाढायची.

तिसऱ्या दिवशी बीडहून गॅस्केट आली. सिस्टरनं त्याला कोपरापर्यंत हात धुवायला लावले आणि तो टक् वाजणारा टॉर्कचा पाना त्याच्या हातात दिला. ट्रे मी धरला. फोन मी घरात, उशीखाली ठेवून आलो होतो. अकरा बोळे मी असे मोजले, की चाचा वैतागून म्हणाले, "सर, नाव भी लिहून घ्या त्यांचे." दुपारी किल्ली फिरवली. दोनदा खोकली, आणि व्हॅन सुरू झाली. धूर नाही, काटा जागच्या जागी. गल्लीनं टाळ्या वाजवल्या. सिस्टरनं पुढच्या सीटवर हात उलटा ठेवून ताप बघितला.

मग ती सरळ जाऊन मुलाच्या गाडीत बसली, मांडीवर पिशवी घेऊन.

"उतर आई," तो म्हणाला.

"कावून? हरलेलं ते हरलेलं."

"ती अट मीच घातली होती, मीच मोडतो. तुला वाटेल तेव्हा ये, चार दिवस राहा. पण उचलून न्यायचं म्हणून नेत नाही."

ती उतरेना. शेवटी चाचांनी पिशवी काढून घेतली तेव्हा उतरली. मुलाच्या तोंडावरून हात फिरवला आणि काही न बोलता घरात निघून गेली. आत भांडी जोरजोरात वाजायला लागली. रडायचं असलं की ती भांडी घासायची, हे मला माहीत होतं. त्यालाही माहीत असणार.

मी त्याला निरोप द्यायला गाडीपर्यंत गेलो. सीटवर अजून वास होता. तो दार उघडून तसाच उभा राहिला. "सर, लहानपणी मी झोपेतून उठलो की ही कुणाच्या तरी बाळंतपणाला गेलेली असायची. शेजारच्या काकू मला चहा-पोळी द्यायच्या. सगळ्या तालुक्याला आई होती, मलाच नव्हती, असं वाटायचं. पुण्याला नेईन म्हणत होतो ना, ते काही गाडीसाठी नव्हतं. ह्या तीन दिवसांत मला ती जेवढी मिळाली, तेवढी अख्ख्या लहानपणी मिळाली नव्हती." एवढं बोलून तो लाजला आणि घाईनं निघून गेला.

पुढच्या दसऱ्याला व्हॅन ठणठणीत होती. कसली कुरकुर नाही, काटा जागेवर. तरीही तो आला, आठ दिवसांची रजा टाकून. सीटवर आधीच कागद अंथरलेले. दारातच त्यानं बाह्या सरसावल्या आणि आत हाक मारली, "आई, या वर्षी काय खोलायचं?"